वीस मिलीमीटर

उचगावच्या पुलाशेजारी, हायवेकडं तोंड करून
काचेच्या खोलीत ती उभी होती.
रंग विटकरी, छप्पर काळं.
शार्दूल नावाचं पोरगं, गळ्यात पट्टा,
म्हणालं, "काका, ही नुसती हॅचबॅक नव्हे,
हिची उभं राहायची ऐटच वेगळी."

मी उद्यमनगरात अडतीस वर्षं पॅटर्न केले.
आधी सागवानाचे, पुढं अॅल्युमिनियमचे,
पंपाच्या केसिंगचे, ट्रॅक्टरच्या हबचे.
माझा अंगठा डोळ्याच्या आधी बघतो.
तो बॉनेटवरनं फिरवला,
दाराच्या फटीत घातला, मागच्या दिव्यापर्यंत नेला.
फट सारखी. मान्य.
खांद्याची रेघ पुढनं झोकात निघते,
मागच्या चाकावर आल्यावर मात्र
कारागीर जेवायला उठल्यागत अर्धीच सोडलीय.

चाकांभोवती काळं प्लास्टिक.
टिचकी मारली. टप्.
दगड लागू नये म्हणून, म्हणाला.
कसला दगड? ही जाणार कुठं,
राजारामपुरी पाचव्या गल्लीत?
टपावर दोन रुपेरी दांड्या.
"ह्यांना सामान बांधता येतं?"
"नाही काका, त्या लूकसाठी."
खाली हनुवटीला पत्र्याची पट्टी,
पत्रा कसला, नुसता रंग.
लाल मातीत एकदाही न उतरता
कान तेवढे मोडून घेतलेला पैलवान
चौकात छाती काढून उभा असतो, तशी.

मग किंमत.
शेजारी हिची सख्खी बहीण उभी.
तेच इंजिन, तीच दारं, तीच काच,
जमिनीला जरा जवळ, एवढंच.
मधला फरक एकाहत्तर हजार.
"वीस मिलीमीटर उंच आहे ना, काका."
मी खिशातलं पेन काढलं
आणि त्यांच्याच गुळगुळीत कागदावर भागाकार मांडला.
मिलीमीटरला साडेतीन हजार, वर पन्नास.

अरे, मिलीमीटर आम्ही फुकट देत आलो.
बीड थिजताना आकसतं,
म्हणून मीटरमागं दहा मिलीमीटर लाकूड जास्त धरायचं.
त्याचं वेगळं बिल
शिरोलीच्या एकाही फौंड्रीवाल्यानं बघितलं नाही,
आणि ते दहा नसले तर सगळा माल भंगार.

हे मी त्याला आवाज चढवून सुनावत होतो,
तेवढ्यात रत्नप्रभा पुढच्या सीटवर जाऊन बसली.
बसली म्हणजे, बसलीच.
दाराचा खांब धरला नाही.
"आई गं" नाही.
आमच्या जुन्या गाडीत ती विहिरीत उतरल्यागत उतरते,
आधी पाठ, मग हातानं उचलून एक गुडघा,
मग दुसरा,
आणि निघताना मी दोन्ही हात धरून ओढायचं.
इथं ती नुसती सरकली,
पर्स मांडीवर ठेवली, आरशात कुंकू बघितलं.
"बसलो की हो मी," म्हणाली.

मी पेनला टोपण लावलं.

खरं सांगतो, दांड्या अजून खोट्याच आहेत.
ती रेघ अजून अर्धीच आहे,
आणि एकाहत्तरातले चाळीस निव्वळ नखरा,
हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो.
पण लग्नात रत्नप्रभा माझ्या कानाच्या पाळीला टेकायची,
आता मानेशीच थांबते.
अडतीस वर्षं मी आकसणं मोजलं,
बिडाचं, ब्राँझचं, अॅल्युमिनियमचं.
घरातलं तेवढं
पट्टी लावून कधी बघितलं नाही.

शार्दूल हुशार. काहीच बोलला नाही, चहा सांगितला.
दांड्या काढल्या तर किती कमी होतील, मी विचारलं.
त्या निघत नाहीत, म्हणाला.
मग पायपुसणी, सीटकव्हर, मडफ्लॅप फुकट पाहिजेत,
आणि हा विटकरी रंग नको.
"हाच," आतनं आवाज आला.
ती अजून उतरलेलीच नव्हती.